दोन दिवस वाडीतल्या घरी

शेतकऱ्याला सुट्टी नसते, असे आपण नेहमी म्हणतो आणि ते खोटेही नाही. म्हशीला रविवार कळत नाही. पाण्याची पाळी सणवार पाहत नाही. त्यामुळे आपण गाव सोडायचे ते लग्नाला, मयताला, नाहीतर देवाला. पण वाचकहो, वर्षातून दोन दिवस सगळ्या घराने मिळून बाहेर पडावे, हे काही शहरातल्या लोकांनीच करावे असे नाही. रब्बीची पेरणी उरकून पहिले पाणी देऊन झाले, की पौष-माघात थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत रायगडच्या किनाऱ्यावर जाऊन या. आणि मोठ्या हॉटेलात न उतरता एखाद्या वाडीवाल्याच्या घरी उतरा.

देशावर वाडी म्हणजे वस्ती. तिकडे वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि त्या बागेतच घर. अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा अष्टागराचा पट्टा. त्याच्या खाली काशीद आणि मुरुड, आणखी दक्षिणेला दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. पुण्याकडून येणाऱ्याने ताम्हिणी घाट उतरून माणगाव गाठले, की दिवेआगर-श्रीवर्धनची वाट सोपी आहे. या गावांत ठिकठिकाणी पाट्या दिसतात : ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’. पाटी लावणारा माणूस बहुधा आपल्यासारखाच बागाईतदार असतो. विहीर, पाटाचे पाणी, पोफळीच्या सावलीत केळी, झाडावर चढवलेला मिरीचा वेल, आणि घराला जोडून दोन-चार खोल्या.

या खोल्या कशासाठी बांधल्या, हे समजून घ्यायला हवे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या भागांत पोफळी काडीसारख्या मोडल्या, नारळ मुळासकट उपटले, घरांची कौले आणि पत्रे उडाले. त्यातच टाळेबंदी असल्याने पाहुणेही बंद होते, म्हणजे दोन्हीकडून मार बसला. आपला सोयाबीनचा किंवा कांद्याचा हंगाम गेला, तर पुढच्या हंगामाची आशा असते. पोफळीचे तसे नाही. रोप लावल्यावर सुपारी धरायला सहा-सात वर्षे जातात, नारळही तितकीच वाट पाहायला लावतो. अशा मधल्या वर्षांत घरात रोकड येते ती खोलीच्या भाड्यातून आणि जेवणाच्या ताटातून. गारपिटीत द्राक्षबाग गेलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. म्हणून म्हणतो, आपले चार पैसे खर्च व्हायचेच असतील, तर ते दुसऱ्या शेतकऱ्याच्या घरी व्हावेत.

आता अडचण गोठ्याची. तिला उपाय आपल्या बापजाद्यांनीच घालून दिला आहे, तो म्हणजे सावड. पेरणी-काढणीला सावड करतो, तशी सुट्टीलाही करा. दोन दिवस शेजाऱ्याने तुमच्या धारा काढाव्यात, पुढच्या पंधरवड्यात त्याचे घर जाईल तेव्हा तुम्ही त्याच्या काढा. जाण्याआधी दोन-तीन दिवस त्याला गोठ्यात येऊ द्या, म्हणजे जनावर त्याच्या हाताला बुजणार नाही.

दुसरी गोष्ट घरधन्यांसाठी. पुष्कळ घरे प्रवासाला निघताना स्टोव्ह, पीठ आणि तवा बरोबर घेतात. पैसे वाचतात हे खरे, पण जिला वर्षभर चूल सुटत नाही, तीच समुद्राकाठी भाकऱ्या थापत बसते. मग सुट्टी कोणाची झाली? दोन दिवस तिला आयते ताट मिळू द्या. ताटाचा दर, खोलीचे भाडे आणि माणसे किती, हे आधीच फोनवर ठरवून घ्या, म्हणजे ऐनवेळी कोणाचे मन दुखावत नाही. ताट वाढणाऱ्या बाईलाही तिच्या कष्टाचे पैसे मिळतात. तांदळाची भाकरी, सोलकढी, वालाचे बिरडे हे जेवण आपल्या घरच्या जेवणापेक्षा वेगळे आहे. मासे खात असाल तर तेही आधी सांगून ठेवा.

थंडीत गेलात तर पोपटी चुकवू नका. आपल्याकडे जसा हुरडा, तशी तिकडे पोपटी. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याच्या कोवळ्या शेंगा मीठ-ओवा लावून मडक्यात भरतात, खाली-वर भांबुर्डीचा पाला घालतात आणि मडके पालथे घालून भोवती जाळ करतात. पाण्याचा किंवा तेलाचा थेंब लागत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. आपली पोरे विहिरीत सूर मारतात, त्यामुळे त्यांना पाण्याची भीती नसते. पण विहिरीचे पाणी उभे असते, समुद्राचे पाणी चालते. ओहोटी लागली की ते माणसाला आत ओढते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तरणीताठी मुले होती.

समुद्राचे वेळापत्रक आपल्या भिंतीवरच्या पंचांगात आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. त्या दिवशी दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, तर ओहोटी बाराला. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त ओसरते, अष्टमीला दोन्ही कमी. हा अंदाज आहे, थोडा मागेपुढे होतो, म्हणून यजमानाला किंवा कोळीबांधवाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. पाणी गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि पोरांचा हात सोडू नका.

अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायचा तर हाच हिशेब कामी येतो. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरतीला वाट पाण्याखाली जाते. चतुर्थी-पंचमीची सकाळ त्याला सोयीची. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा, आणि पाणी फिरले की तटावर रेंगाळू नका.

निघताना सुपारी, नारळ, कोकम जे घ्यायचे ते वाडीवाल्याकडूनच घ्या. फाल्गुनात गेलात तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला दिसतील, त्यातली एक घरी आणा. आणि त्या घरच्या माणसांना आपल्याकडे हुरड्याला बोलावून या. त्यांनाही वाडी सोडून कुठे जायला फारसे मिळत नाही.