रंगाला पैसा आहे, सीलला नाही

बिदर, भालकी, बसवकल्याणपासून आळंदपर्यंत आमच्या सीमाभागात जुनी फियाट किंवा जीप बाळगणाऱ्या मालकांना मी एकच प्रश्न विचारतो : मागच्या चाकांची बेअरिंगं शेवटची कधी उघडली? उत्तर येत नाही. रंग कुणी मारला, बंपरचं क्रोम कुठून करून आणलं, सीटचं कापड कुठलं, हे सगळं तोंडपाठ असतं. ज्या बेअरिंगांवर गाडीचा मागचा भार आणि आत बसलेल्या लेकराबाळांचा जीव टांगलेला आहे, त्यांचं नाव काढलं की मालक मिस्त्रीकडे बघतो आणि मिस्त्री आभाळाकडे. याला शौक म्हणायची लाज वाटली पाहिजे.

प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची फियाट 1100. तिचा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग. जो दांडा चाक फिरवतो, तोच वजनही पेलतो. बाहेरच्या टोकाला एक बॉल बेअरिंग आणि ते जागेवर राहावं म्हणून दांड्यावर गरम करून बसवलेली कॉलर. ती कॉलर सरकली, की दांडा ड्रमसकट, चाकासकट बाहेर येतो. सस्तापूर बंगल्यापासून हुमनाबादकडे जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर, मागे उसाचा ट्रक असताना हे घडलं तर काय होईल, याचा विचार प्रत्येक मालकानं एकदा तरी करावा.

बेअरिंग आधी सांगून जातं. घूं-घूं असा आवाज येतो आणि वळणावर भार या चाकावरून त्या चाकावर गेला की बदलतो. सीलही सांगतं. टायरच्या आतल्या भिंतीवर आणि ब्रेकच्या बॅक प्लेटवर काळा ओघळ दिसतो. ते डिफरेन्शियलचं गिअर ऑइल असतं. ते ब्रेकच्या लायनरवर गेलं की जोरात ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. अशा वेळी आमच्याकडे काय करतात? लायनर पेट्रोलनं धुतात, पॉलिश पेपर मारतात आणि पुन्हा बसवतात. ‘कुछ नै होता सेठ’ म्हणतात. लायनरनं ऑइल पिलेलं असतं. गरम झालं की ते पुन्हा वर येतं. तो जोड टाकूनच द्यावा लागतो, दुसरा इलाज नाही.

आणि सील तरी का गेलं, हे कुणी बघतच नाही. एक्सलच्या नळीवरचा ब्रीदर आमच्या तांबड्या-काळ्या धुळीनं बुजतो, आत तापलेल्या हवेचा दाब वाढतो आणि ऑइल सीलच्या ओठातून वाट काढतं. किंवा जुन्या सीलनं दांड्यावर खाच पाडलेली असते. त्याच खाचेवर नवं सील बसवलं तर ते पुन्हा गळणारच. ब्रीदर साफ करायला पैसा लागत नाही. दांड्यावरून नख फिरवायलाही लागत नाही. तरीही हे होत नाही, कारण मुळात काळजीच नाही.

सगळ्यात मोठा गुन्हा हातोड्याचा. बेअरिंग दांड्यावर बसवताना जोर आतल्या रिंगवरच पडला पाहिजे. बाहेरच्या रिंगवर घण घातला की तो मार गोळ्यांमधून जातो, रिंगेच्या चकाकत्या वाटेवर बारीक खळगे पडतात आणि नवं बेअरिंग गाडीला लागायच्या आधीच मेलेलं असतं. महिंद्राच्या जुन्या सीजे जीपमध्ये हब निमुळत्या टोकावर चावीसह आवळलेला असतो. तिथं पुलर हवा. पुलर नाही म्हणून एक्सलच्या तोंडावर घण घातला, तर धक्का मधल्या ठोकळ्यातून पलीकडच्या बेअरिंगपर्यंत पोचतो. मग एका चाकाचं काम करायला गेलेला माणूस दोन चाकं बिघडवून परततो.

प्रेस कुठून आणायचा, असं मला ऐकवलं जातं. दांडा काढून लेथवाल्याकडे न्यायचा, एवढंच. तालुक्याच्या गावी लेथ आहेत, हायड्रॉलिक प्रेसही आहेत. तिथल्या कामाची मजुरी द्यायची मालकाची तयारी नसते. रंगावर हजारो रुपये उधळणारा हाच माणूस सीलच्या शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो आणि खोक्यावरचं नाव बघून नकली बेअरिंग घेऊन येतो. रिंगेवर कोरलेला नंबर वाचायची सवय लावा. 6206 असेल तर शेवटच्या 06 ला 5 नं गुणा : आतलं भोक 30 मिलिमीटर. एवढं शाळकरी पोरालाही कळतं.

सरकारही यातून सुटत नाही. केंद्रानं 2021 साली 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली, नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क ठेवलं. व्याख्येत चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठे बदल नकोत, असं आहे. मूळ रूप जपण्याची एवढी काळजी! 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीला 5,000 रुपये लागू झाले. तो पैसा घेणाऱ्या यंत्रणेनं मागचं चाक उचलून, वरखाली धरून हलवून बघायलाच हवं. कर्नाटकातल्या 150 सरकारी आयटीआय 2022 साली टाटा टेक्नॉलॉजीजच्या साथीनं इंडस्ट्री 4.0 साठी नव्यानं उभ्या राहिल्या. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराला बेअरिंग प्रेसनं बसवता आलंच पाहिजे. आमच्या गॅरेजमधल्या पोरांच्या हातात कसब आहे; त्यांच्या हाती अवजार आणि शिक्षण न देणारे दोषी आहेत.

गाडी जुनी म्हणून असं होतंच, ही सबब मी मान्य करत नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर उतरली. रोज धंद्यावर धावणारी गाडी एवढी वर्षं टिकते, कारण तिच्यावर पोट असलेला माणूस चाकाखाली वाकतो.

तुम्हीही वाका. गाडी घोडीवर चढवा, चाक हलवा, फिरवा, ऐका. ओघळ दिसला तर दोन्ही बाजूंचं सील, बेअरिंग आणि लायनर एकदमच बदला. एवढं करायचं नसेल तर गाडी अंगणाबाहेर काढू नका, कारण रस्ता तुमच्या एकट्याचा नाही.