उभे रस्ते त्यांचे, आडवी वाट आपली



महामार्गावर गाड्यांची रांग लागली की पेपरात बातमी येते, ‘वाहनचालकांचे हाल’. मनोरला, चारोटीला, घोडबंदरला तासन्‌तास गाड्या उभ्या. हाल होतात हे खोटं नाही. पण त्या रांगेत आपणही असतो. विक्रमगड-जव्हारकडचा मोगरा दादरच्या बाजाराला निघतो, तो उशिरा पोचला तर कळी उमलते आणि भाव जातो. नाक्यावर कामाला निघालेला माणूस अडकला तर दिवसाचा खाडा. अडलेल्या बाईला घेऊन निघालेली गाडीही त्याच रांगेत. म्हणून ‘आदिवासींना रस्ता नको’ असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, कोंडी फुटावी असं आम्हालाही वाटतं. आमचा सवाल इतकाच आहे, की ती कुणासाठी फोडायची आणि कुणाच्या जमिनीवरून?

जरा बोटांवर मोजू. समुद्र आणि डोंगर यांच्यामधली आपली पट्टी केवढी? तिच्यातून पश्चिम रेल्वे जाते. तिलाच विरार ते डहाणू तिसरा आणि चौथा मार्ग. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, जो आधी ८ नंबर होता आणि आता ४८ आहे. दादरीहून न्हावाशेवाला जाणारा मालगाड्यांचा १,५०६ किलोमीटरचा वेगळा मार्ग. ५०८ किलोमीटरची बुलेट ट्रेन. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग. त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, म्हणजे बंदराला जोडणारा रस्ता आणि रेल्वे आलीच. प्रत्येकाचा साहेब वेगळा, नोटीस वेगळी, मोजणी वेगळी. एकाच्या खुंट्या निघत नाहीत तोवर दुसऱ्याच्या येतात. प्रत्येक जण म्हणतो, ‘आम्हाला थोडीच जमीन लागते.’ सगळ्यांचं थोडं थोडं एका नकाशावर मांडून गावाला दाखवायला मात्र कुणीच येत नाही.

आणखी एक गोष्ट नीट बघा. हे सगळे मार्ग उभे आहेत, मुंबईकडून गुजरातकडे. आपलं जगणं आडवं आहे. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला, मुख्यालय पालघरला, महामार्गाच्या पश्चिमेला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड पूर्वेला. दाखला, कोर्ट, कॉलेज, स्टेशन, बाजार, सगळ्यासाठी आपण डोंगराकडून समुद्राकडे जातो आणि परत येतो. म्हणजे प्रत्येक नवा उभा मार्ग आपली आडवी वाट कापतो. बुलेट ट्रेनची स्टेशनं १२, त्यातली आपल्या जिल्ह्यात दोन, विरार आणि बोईसर. द्रुतगती मार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण, मधे चढायचं-उतरायचं नाही. शेत अलीकडे, घर पलीकडे, गुरं तिसरीकडे.

४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा साऱ्या देशानं हा रस्ता पाहिला. कुणाचाही जीव जाणं वाईटच. पण डोक्यावर मोळी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई गेली तर तिची बातमी किती दिवस चालते? तिच्यासाठी रस्त्याखालून वाट कुठं आहे?

आता कोंडीवरचा उपाय बघू. रस्ता रुंद करणं हाच उपाय असता तर कोंडी केव्हाच संपायला हवी होती. दुपदरीचा चौपदरी झाला, चौपदरीचा सहापदरी झाला. रस्ता रुंद झाला की गाड्या वाढतात आणि रांग तिथंच राहते. मालगाड्यांसाठी जमीन दिली आहे, तर कंटेनर आधी रेल्वेवर चढवा. डहाणूपर्यंत लोकल एप्रिल २०१३ पासून येते, तिच्या फेऱ्या वाढवा. त्या गाड्यांच्या वेळा बघून जव्हार-डहाणू, विक्रमगड-पालघर, चिल्हार फाटा-बोईसर अशा आडव्या रस्त्यांवर एसटी सोडा. एका एसटीत चाळीस-पन्नास माणसं बसतात. तीच माणसं टमटम आणि मोटारींनी निघाली तर रस्ता भरणारच. हे सगळं आहे त्या जमिनीवर होऊ शकतं.

कायदा काय म्हणतो तेही लक्षात ठेवा. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ४१ सांगतं, की अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी, दुसऱ्या कुठल्या कायद्यानं घेतली तरी, अधिसूचना काढण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची संमती घ्यावी. ‘किंवा’ या शब्दावर डोळा ठेवा. ठराव ग्रामसभेतच झाला पाहिजे, पंचायतीच्या ऑफिसात चार सह्यांवर नाही. वनजमिनीचं मात्र ५ फेब्रुवारी २०१३ ला दिल्लीहून पत्र निघालं आणि रस्ते, कालवे, पाइपलाइन अशा लांब पट्ट्याच्या कामांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. पण आदिम जमातींच्या हक्कांना धक्का लागत असेल तर ती सूट नाही, आणि आपल्याकडे कातकऱ्यांचे पाडे आहेत. शिवाय वनहक्क कायद्याचं कलम ४(५) जागेवरच आहे. दावा तपासून निकाली निघेपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून हलवता येत नाही.

म्हणून येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं ठराव घ्यावा, आणि शक्य तिथं पाड्यानं आपली ग्रामसभा भरवावी. ठरावात हे लिहा:

१. सगळ्या प्रकल्पांचा एकच नकाशा, गट नंबरांसकट, मराठीत गावात लावा.
२. प्रलंबित वनहक्क दावे आधी निकाली काढा, मोजणी नंतर.
३. माणसांची, गुरांची, बैलगाडीची वाट जिथं आज आहे तिथंच रस्त्याखालून किंवा वरून द्या. जागा गाव दाखवील.
४. आडव्या रस्त्यांवर एसटी आणि कोंडीच्या ठिकाणी रुग्णवाहिकेला मोकळी वाट द्या.
५. हे होईपर्यंत नव्या मार्गाला संमती नाही.

ठरावाची नक्कल शिक्का मारून घ्या आणि गावात ठेवा. मोजणीवाला आला तर आधी नोटीस मागा, ती वाचून घ्या, चार जण जमल्याशिवाय बोलू नका. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, मग तो आपल्यातलाच कुणी मागत असला तरी.

त्यांना मुंबईहून अहमदाबादला लवकर पोचायचं आहे, पोचू देत. आपल्याला पाड्यावरून दवाखान्यात वेळेत पोचायचं आहे. आधी त्याचं बोला.