जुनी खेळणी विकताना खरं किती सांगावं?

जुन्या खेळण्यांच्या ऑनलाइन जाहिराती वाचायचा मला नाद आहे. विकत घेतो त्याच्या शंभरपट वाचतो. (घरची मंडळी या वाक्याला हसतील. हसू देत.) इतकं वाचल्यावर एक मत मात्र पक्कं झालंय. जाहिरातीत 'एकदम मिंट', 'अतिदुर्मिळ' असे शब्द ठासून भरलेले असतील आणि फोटो एकच, तोही फ्लॅश मारून काढलेला असेल, तर तिथून सरळ पुढे जावं.

'मिंट' म्हणजे टांकसाळ. तिथून नुकतं बाहेर पडलेलं, हाताळलं न गेलेलं नाणं, हा त्या शब्दाचा अर्थ. खेळण्याच्या बाबतीत तो वापरायचा तर ते कोणी खेळलेलंच नसावं. आता पन्नास-साठ वर्षं एखाद्या घरात राहिलेली गाडी आणि तिला एकाही पोराचा हात लागला नाही? असतात अशा, पण फार थोड्या. बाकीच्यांना 'खेळलेली' म्हणायला लाज कसली? खेळणंच आहे ते!

उदाहरण म्हणून माझ्या आवडत्या डिंकीच्या गाड्या घेऊ. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1934 पासून 'डिंकी टॉइज' या नावाने छोट्या धातूच्या गाड्या विकल्या. बिन्स रोडवरचा तो कारखाना 1979 साली बंद पडला. आज या गाड्यांची किंमत ठरते ती मूळ रंग, मूळ टायर आणि मूळ खोका यांवर. आणि या तिन्ही गोष्टी आज नव्याने मिळतात! रंग पुन्हा देता येतो, नवे रबरी टायर मिळतात, खोकेही हुबेहूब छापून मिळतात. यात वाईट काही नाही. मोडकी गाडी दुरुस्त करणं हा सुंदर छंद आहे. कारखान्याबाहेर कोणीतरी असा बदल केलेल्या गाडीला संग्राहक 'कोड थ्री' म्हणतात. तो शब्द जाहिरातीत लिहिला की प्रश्न मिटला. गोम न लिहिण्यात आहे.

आपल्याकडची एक गंमत सांगतो. डिंकीचे काही जुने साचे भारतात आले आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून कलकत्त्यात त्यांतून 'निकी टॉइज' नावाने गाड्या निघू लागल्या. साचा तोच, त्यामुळे वरून पाहिलं तर नवखा माणूस सहज फसतो. म्हणून तळाचा फोटो हवाच. आणि निकी ही निकी म्हणूनच विकावी. तिला स्वतःचा इतिहास आहे, स्वतःचे चाहतेही आहेत. तिला डिंकी म्हणून खपवणं म्हणजे घेणाऱ्याला फसवणं आणि कलकत्त्याच्या त्या कारागिरांनाही पुसून टाकणं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या वर्षी मामीने मामाच्या कपाटातल्या चौदा गाड्या विकायला माझ्याकडे दिल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे उभे करायचे होते, म्हणजे रुपया-रुपयाला महत्त्व होतं. मामेभावाचं म्हणणं, "थोडा रंग मारून घेऊ रे, कोणाला कळतंय?" त्याची तळमळ खरी होती. आईसाठीच बोलत होता. मामी शांतपणे म्हणाली, "तुझ्याच हातचे ओरखडे आहेत ते. कशाला पुसतोस?" विषय संपला. गाड्या ओरखड्यांसकट विकल्या. अकरा गेल्या, तीन अजून माझ्याकडे आहेत. रंग मारला असता तर जास्त पैसे आले असते का? कदाचित आले असते. प्रामाणिकपणाचा नेहमी फायदाच होतो असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही.

मग करायचं कशाला? तर समोरचा माणूस वस्तू हातात घेऊ शकत नाही म्हणून. दुकानात 'बघून घ्या' म्हणणं ठीक आहे. ऑनलाइन विकताना मात्र त्याचे डोळे आपणच असतो. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं (पुढे 2001 साली त्यांना नोबेलही मिळालं). खरं-खोटं ओळखता येत नसेल तर गिऱ्हाईक सगळ्यांनाच कमी भाव देतं, आणि मग चांगला माल विकणारा बाजारातून उठतो. खोटं बोलणारा एकटा कमावतो, भुर्दंड सगळ्यांना पडतो.

असो. आता थोडं कामाचं. फोटो दिवसा, खिडकीजवळ, सावलीतल्या उजेडात काढावेत. फ्लॅशच्या चकाकीत ओरखडे दिसेनासे होतात आणि ट्यूबलाइटखाली रंग बदलतो. खाली साधा पांढरा किंवा राखाडी कागद, शेजारी मोजपट्टी. चारही बाजू, वरून, तळ, आणि खोका असेल तर त्याच्या सहाही बाजू आणि आतले पाखे. एक फोटो उजेड तिरका पडेल असा घ्यावा, त्यात बारीक तडे उठून दिसतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांत हे फार महत्त्वाचं. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर धातू कालांतराने आतून फुटत जातो. त्यावर इलाज नाही. खोक्यावर अतिनील टॉर्च मारून पाहावा. कागद चकचकीत पांढरा दिसावा म्हणून घालायची रसायनं 1950 च्या सुमारास वापरात आली. त्यामुळे युद्धापूर्वीचा म्हणवणारा खोका निळसर चमकला तर शंका घ्यावी.

वर्णनात दोष आधी, कौतुक नंतर. 'उजव्या दारावर 3 मिलिमीटर रंग उडालाय, मागचे टायर नवे आहेत, खोक्याचा एक पाखा नाही.' बस्स. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहावं, तेही वर्णनच आहे. आणि एक ओळ जरूर घालावी: जुन्या रंगात शिसं असू शकतं, लहान मुलांना खेळायला देऊ नये.

माझ्या मते जाहिरातीची परीक्षा सोपी आहे. पार्सल उघडल्यावर घेणाऱ्याला नवीन काही कळता कामा नये. कळलंच, तर चांगलं काहीतरी कळावं :)

तुमच्यापैकी कोणी असं काही विकलंय का? तुम्ही किती खरं सांगितलंत? कळवा जरूर.