मांडवलीत विकला जाणारा यतीमांचा हक्क

आपल्या वस्तीत अपघातात माणूस गेला की दफन होईपर्यंत कुणाला काही सांगावे लागत नाही. कफन येते, कबर तयार होते, घरात चूल पेटवायची वेळ येऊ नये म्हणून शेजारपाजारचे डबे येतात. ही आपली चांगली बाजू आहे आणि मी ती मानते. पण जियारतीची जेवणे आटोपली की जमातीतले तीन-चार बुजुर्ग बसतात, गाडीवाल्याचा माणूस येतो आणि मांडवली होते. विधवेला विचारलेही जात नाही. ती आतल्या खोलीत इद्दतीत बसलेली असते. मला या मांडवलीबद्दल बोलायचे आहे, आणि गोड बोलायचे नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. वडील उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात शिलाई करायचे. वय ३४, महिन्याला साधारण १५,००० हातात. रात्री काम संपवून अंबरनाथला घरी येताना कल्याण-बदलापूर रस्त्यावर एका कारने त्यांना उडवले. कार कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होते. ४०,००० रुपये रोख ठरले. मुलीच्या चुलत्याने स्टॅम्प पेपरवर सही केली की आमची काही तक्रार नाही, आणि ज्यांनी गाडीचा नंबर पाहिला होता त्यांना तो एकाएकी आठवेनासा झाला. कागदोपत्री ती कार 'अज्ञात वाहन' झाली. मुलगी नववीत आली नाही. आईबरोबर घरी बसून जीन्सचे धागे कापते, असे तिच्या मैत्रिणीने मला सांगितले.

आता हिशेब करू. मी भाषा शिकवते, पण हे गणित माझ्या विद्यार्थ्यांनाही जमेल. अपघाती मृत्यूची भरपाई कशी मोजायची हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिले आहे. महिना १५,००० म्हणजे वर्षाला १,८०,०००. चाळिशीच्या आतला, कायम नोकरी नसलेला माणूस, म्हणून पुढे वाढू शकणाऱ्या कमाईचे ४० टक्के त्यात मिळवायचे: २,५२,०००. बायको, तीन मुले आणि म्हातारी आई असे पाच जण त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: १,८९,०००. वय ३१ ते ३५ असेल तर गुणक १६. झाले ३०,२४,०००. दफनविधीचा खर्च, बायकोने गमावलेली सोबत यांच्या रकमा वेगळ्या. पगाराची चिठ्ठी नसली तर न्यायाधिकरण उत्पन्न कमी धरते, मृताचीही थोडी चूक निघाली तर तेवढी कपात होते, हे खरे. मग निम्मे धरा. पंधरा लाख. जमातीने ते ४०,००० ला विकले, आणि "चला, बिचारीला काहीतरी मिळवून दिले" म्हणत चहा प्यायला.

यावर ठरलेला जबाब येतो: "बाजी, इन्शुरन्स हराम आहे, तो पैसा त्या घरात नको." मी आलिमा नाही, बीएड केलेली शिक्षिका आहे. व्यापारी विम्यात सूद आहे, अनिश्चितता आहे, हा उलेमांचा आक्षेप मला माहीत आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. आयुर्विमा घ्यायचा की नाही, आपल्या गाडीच्या पत्र्यासाठी विमा उतरवायचा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. पण थर्ड पार्टी विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने सक्तीचा आहे, आणि अशा सक्तीच्या विम्याला अनेक मुफ्तींनी मुभा दिलेली आहे. शिवाय मेलेल्या माणसाच्या मुलांनी कुठलाही हप्ता भरलेला नसतो, कुठलाही सौदा केलेला नसतो. त्यांच्या बापाचा जीव ज्याच्या गाडीखाली गेला त्याच्याकडून त्यांचे येणे आहे. त्याने ते कुठून भरावे याची चौकशी यतीमाने का करायची?

सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येचा हुकूम आहे. त्यात मृताच्या घरच्यांना दियत द्यायची आहे, घरच्यांनी माफ केली तर गोष्ट वेगळी. घरच्यांनी, बैठकीतल्या चौघांनी नव्हे. फिकहमध्ये अशी दियत एकट्या मारणाऱ्यावर टाकलेली नाही. ती त्याच्या आकिलाने, म्हणजे त्याच्या गटाने मिळून भरायची, कारण एकट्याची ऐपत पुरत नाही. आधी हा गट म्हणजे कबिला. हजरत उमर यांनी दीवान म्हणजे नोंदवह्या सुरू केल्या, तेव्हा एका दीवानात नाव असलेले लोक एकमेकांचे आकिला ठरले, आणि हनफी फिकहने तेच धरले. रक्ताच्या नात्यावरून नोंदवहीवर येणे तेव्हाच्या लोकांना जमले होते. मी विमा कंपनीला आकिला म्हणत नाही, कंपनी नफ्यासाठी चालते. पण नुकसान झालेल्याला रिकाम्या हाती पाठवायचे नाही आणि ओझे अनेकांनी उचलायचे, हा विचार आपल्याला परका नाही.

आता गाडी चालवणाऱ्या भाईजानांकडे. "पोलीस पकडत नाहीत तोवर इन्शुरन्स कशाला" हे वाक्य मी पालकसभेतही ऐकले आहे. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १५० सीसीपर्यंतच्या साध्या मोटरसायकलचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७१४ रुपये, हजार सीसीच्या आतल्या कारचा २,०९४ रुपये, वर कर. एवढ्यात समोरच्याच्या मृत्यूची किंवा अपंगत्वाची भरपाई कंपनीवर जाते, आणि तिला रकमेची मर्यादा नाही. विमा नसेल तर पकडल्यावरचा २,००० रुपये दंड हा किरकोळ भाग. न्यायाधिकरणाचा तीस लाखांचा हुकूम थेट तुमच्या नावावर येतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे सहाव्या वर्षी कुणाच्या लक्षातच राहत नाही. जुनी गाडी विकली आणि आरटीओत नाव बदलले नाही, तरी जबाबदारी नोंदणी असलेल्या मालकावरच येते.

आणि "फुल इन्शुरन्स आहे" म्हणणाऱ्यांनी कागद एकदा उघडून वाचावा. नुसत्या थर्ड पार्टीत तुमच्या स्वतःच्या कारची दुरुस्ती नसते. मोटरसायकलच्या मागे बसलेली बायकोसुद्धा नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितले आहे. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे असते, आणि त्याला चालू लायसन लागते. पांढऱ्या पाटीच्या खाजगी कारमध्ये भाड्याने माणसे भरली तर कंपनी हात वर करू शकते. बदलापूर-कर्जत बाजूला हे रोज चालते.

मांडवलीवाल्यांची दुसरी सबब अशी की चूक कुणाची ते सिद्ध होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंबरनाथच्या उड्डाणपुलावर एका कारने समोरून येणाऱ्या दुचाक्यांना उडवले, चालकासह चार जण गेले. गाडी चालवतानाच चालकाला हृदयविकाराचा झटका आला, असे तेव्हा सांगितले गेले. अशा वेळी चूक कुणाच्या माथी मारणार? कायद्याने याचा विचार केलेला आहे. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. मात्र ते स्वीकारले की मोठा दावा संपतो, म्हणून आधी वकिलाला विचारावे. गाडी खरोखरच सापडली नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० आहेत. नंबर माहीत असून तो लपवणारा साक्षीदार तीस लाखांचे दोन लाख करतो.

इद्दतीचा प्रश्न तर कुणी बोलतच नाही. कायद्यातल्या दुरुस्तीने दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने केली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. इद्दत चार महिने दहा दिवस. म्हणजे ती बाहेर पडेपर्यंत हाती पन्नासेक दिवस उरतात, आणि त्यातले निम्मे आधार कार्ड आणि मृत्यू दाखला शोधण्यात जातात. वकीलपत्रावर सही घरी बसून होते. भाऊ, दीर, सासरा कागद गोळा करू शकतात. अपघात रायगड हद्दीत झाला असला तरी राहत्या जागेवरून ठाणे जिल्ह्यात दावा दाखल करता येतो. पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि दहा दिवसांत घरच्यांना त्यांच्या हक्कांचा फॉर्म द्यायचा असतो. तो मागा. पुन्हा निकाह झाला म्हणून विधवेचा हक्क जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. हे सासरच्यांनी विशेष लक्षात ठेवावे. आणि नाबालिग मुलांचा हक्क कुठलाही चुलता कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडून देऊ शकत नाही. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचा गुन्हा तर आपसात मिटवता येण्यासारखा नाहीच. मग त्या स्टॅम्प पेपरची किंमत काय, हे बैठकीतल्यांनी सांगावे.

जखमी माणसाचे म्हणाल, तर आपली पोरे व्हिडिओ काढतात आणि पोलिसांचे लफडे नको म्हणून हात लावत नाहीत. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, असे कायद्यातच कलम १३४-अ आहे. वेळेत नेऊन जीव वाचवला तर २५,००० रुपयांचे सरकारी बक्षीसही आहे. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे. मे २०२५ च्या योजनेनुसार नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता मिळायला हवेत. आपल्याकडे मध्यवर्ती रुग्णालयातून कळव्याला, कळव्याहून सायनला अशी फेरी होते. त्या धावपळीत हा शब्द कुणी उच्चारत नाही, म्हणून नातेवाइकांनीच उच्चारावा.

मांडवलीला विरोध केला की लोक मला दलालांकडे बोट दाखवतात. बरोबर आहे. रुग्णालयाच्या दारात "पंचवीस टक्के द्या, सगळे करतो" म्हणणारे उभे असतातच, आणि भरपाईतला टक्का ठरवून फी घेणे वकिलांना नियमाने मना आहे. पण त्यावर उपाय ४०,००० चा स्टॅम्प पेपर कसा होतो? ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कुठल्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. तिथला अर्ज मराठीत असतो आणि आपल्या बऱ्याच घरांत तो वाचता येत नाही, ही अडचण खरी. माझ्या दहावीच्या मुली तो वाचून उर्दूत समजावून सांगू शकतात. यंदा अर्जलेखनाच्या तासाला मी त्यांच्याकडून तोच लिहून घेते.