वही वरून खाली चालवून बघा

आमची भाची पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. गेल्या सुट्टीत घरी आली ती चेहरा पाडूनच. प्रकल्पाची वही सरांच्या संगणकावर चालली नव्हती. "मामू, माझ्या लॅपटॉपवर तर नीट चालत होती!" एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आपा म्हणाल्या, वही कधीपासून चालायला लागली?

वाचकांपैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न पडत असेल, म्हणून थोडे सांगतो. कॉलेजातली मुले हल्ली ज्युपिटर नोटबुक वापरतात. ही संगणकातली वही. तिच्यात एकाखाली एक चौकटी असतात. एका चौकटीत आपल्या भाषेतले स्पष्टीकरण, दुसरीत संगणकाला दिलेला हुकूम, आणि लगेच त्याखाली उत्तर किंवा आलेख. गणित, त्यामागचा विचार आणि निकाल एकाच पानावर.

हिची सुरुवात 2001 साली फर्नांडो पेरेझ यांनी केली. मूळचे कोलंबियाचे, तेव्हा अमेरिकेत भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. 2014 पासून ज्युपिटर हे नाव आले. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन संगणकभाषांवरून ते बेतलेले आहे. शिवाय गॅलिलिओची आठवणही त्यात आहे. 1610 च्या जानेवारीत गुरूचे चंद्र रात्रीमागून रात्र कुठे दिसले, ते त्याने वहीत टिपून ठेवले होते.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 2015 पासून 'डेटा 8' हा अभ्यासक्रम या वह्यांवर शिकवतात. आधी प्रोग्रामिंग येण्याची अट नाही. आकडेमोड दूरच्या मोठ्या संगणकावर होते, मुलाला फक्त ब्राउझर लागतो. त्यामुळे महागडा लॅपटॉप आणि जुना लॅपटॉप एका रांगेत बसतात. आम्हाला यातली हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते. तीन भावंडांत एक लॅपटॉप असलेली घरे आपल्याला नवी नाहीत. बर्कलीची सोय तिथल्या मुलांपुरती, पण गुगल कोलॅब अशीच वही कोणालाही मोफत देते. वही आपल्या ड्राइव्हवर जपली जाते. मात्र तात्पुरती चढवलेली आकड्यांची फाइल काही वेळाने पुसली जाते, हे मुलांना बजावून ठेवा.

संशोधनातही हिचे मोठे काम आहे. लायगो वेधशाळेने 14 सप्टेंबर 2015 रोजी गुरुत्वीय लहर पकडली. घोषणेनंतर आकड्यांसोबत अशा वह्याही खुल्या केल्या. घरी बसून कोणीही तेच गणित चालवावे आणि त्या लहरीचा आवाजही ऐकावा! लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे.

आता भाचीची गोष्ट. तिची वही सरांकडे पहिल्याच चौकटीत अडली, कारण फाइलचा पत्ता तिच्या स्वतःच्या लॅपटॉपमधला होता. तो दोष किरकोळ. खरा दोष तिलाच सापडला. चौकटी कोणत्याही क्रमाने, कितीही वेळा चालवता येतात आणि संगणक सगळे लक्षात ठेवतो. कालवणात मीठ दोनदा पडले तरी कृतीच्या कागदावर ते एकदाच लिहिलेले दिसते, तसेच. दोन वर्षांपूर्वीचे घरखर्च महागाईसाठी 10 टक्के वाढवणारी चौकट तिच्याकडून दोनदा चालली होती. 100 चे 110 व्हायचे ते 121 झाले. आजचा खर्च होता 115. म्हणजे "कुटुंबांचा खर्च घटला" हा तिचा मुख्य निष्कर्षच उलटा निघाला. वही सरांकडे अडली हे एका अर्थी बरेच झाले.

ती एकटी नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहबवरच्या सुमारे 14 लाख वह्या गोळा केल्या होत्या. चालवून पाहिलेल्यांपैकी जेमतेम 24 टक्के अडथळ्याविना शेवटपर्यंत गेल्या. मूळचेच उत्तर पुन्हा देणाऱ्या अवघ्या 4 टक्के.

उपाय साधा आहे. वही देण्यापूर्वी मेनूतले 'रिस्टार्ट' आणि 'रन ऑल' वापरायचे. संगणकाची आठवण कोरी होते आणि चौकटी वरून खाली एकेकदाच चालतात. डावीकडे कंसातले आकडेही पाहावेत. 1, 2, 3 असे ओळीने नसतील, मध्येच 14 आणि मग 9 असेल, तर शंका घ्यावी. मुलगा काय करतो ते कळत नसले तरी एवढे आईबापांनाही तपासता येते.

भाचीने त्या रात्री सगळे नव्याने चालवले. खर्च वाढलेला निघाला. दोन आलेख आणि अडीच पाने रद्द झाली. सरांना काय सांगावे यावर ती बराच वेळ अडून बसली. मग चूक कशी झाली ते वहीच्या पहिल्याच चौकटीत स्वच्छ लिहिले आणि फजरआधी पाठवून दिले. उत्तर दुपारी आले, एकाच ओळीचे: "आता माझ्याकडेही 115 आणि 110 येतात, पुढचे प्रकरण लिहायला घ्या."