२०३ मतांचे अंतर

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार पक्षाचे मतदारच निवडितात. मतदान तोंडावर आले आणि मतचाचण्यांतील अंतर घटू लागले, की तेथील वृत्तपत्रे दशांशांचा कीस काढीत बसतात. आम्हां नागपूरकरांस अशा वेळी १९३९ चे स्मरण होते. नागपूर तेव्हा ज्या मध्यप्रांताची राजधानी होते, त्याच प्रांतात, त्रिपुरीस, काँग्रेसचे अधिवेशन भरावयाचे होते. २९ जानेवारीस अध्यक्षपदासाठी प्रतिनिधींनी मते दिली: सुभाषबाबूंस १५८० व डॉ. पट्टाभि सीतारामय्यांस १३७७. अंतर अवघे २०३! त्या काळी मतचाचणी असती, तर तिने फार तर हा आकडा आधी सांगितला असता. पराभूत मंडळी विजयी अध्यक्षाबरोबर काम करतील काय, हे तीत कोठून उमटणार? पट्टाभींचा पराभव तो आपलाच अधिक, असे गांधीजींनी जाहीर केले. फेब्रुवारीत कार्यकारिणीच्या बहुतेक सभासदांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये त्रिपुरीस, नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुरूप नेमावी, असा पंतांचा ठराव आला. समाजवादी तटस्थ राहिले (जानेवारीतील २०३ चे बळ येथेच सरले म्हणावयाचे!) आणि ठराव संमत झाला. २९ एप्रिलला, निवडीस बरोबर तीन महिने झाले असता, सुभाषबाबूंनी कलकत्त्यास अध्यक्षपद सोडिले.