कल्याण-शीळ रस्त्यावरचे पेन्शन

कल्याण-शीळ रस्त्यावरचा वन बीएचके हा डोंबिवलीकरांच्या निवृत्तीनियोजनातला सर्वात लाडका प्रकार आहे. राहायला गावात एक घर असतेच. दुसरे काटई नाका, निळजे, खोणी किंवा थेट शीळफाट्याकडे घेतले जाते आणि घरातल्या बोलण्यात त्याचे नाव ‘आपले पेन्शन’ असे पडते.

या नावाला कारण आहे. खासगी नोकरदाराच्या ईपीएस पेन्शनसाठी पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले जाते. एमआयडीसीत ३५ वर्षे घासली तरी हातात ७,५०० येतात. किमान पेन्शनचा १,००० रुपयांचा आकडा २०१४ मध्ये ठरला. राज्य सरकारी नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पासून लागणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन योजना बंद झाली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. दर तिमाहीला जाहीर होत असला, तरी खाते उघडताना जो असेल तो पाच वर्षे टिकतो. ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी तीन महिन्यांना ६१,५०० रुपये व्याज येते आणि ते करपात्र असते.

पोस्टातल्या या योजनेचा फलक मात्र रस्त्यावर कुठे लागत नाही. फलक लागतात ते फ्लॅटचे. काटई नाक्यापासून शीळफाट्यापर्यंत विजेचे खांब कमी आणि फलक जास्त. प्रत्येकावर स्टेशन, विमानतळ, मेट्रो किती मिनिटांवर आहे ते छापलेले. ही मिनिटे कोणत्या वाहनाची आणि कोणत्या प्रहरीची, हे छापलेले नसते. मुंब्रा, पनवेल, महापे आणि कल्याण अशा चारही अंगांनी येणारे ट्रेलर एकमेकांकडे बघत उभे असतात, त्या संध्याकाळची तर नक्कीच नसावीत. आता फलकांवर बुलेट ट्रेनही आली आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा ठाणे खाडीखालून येऊन शीळफाट्याला उजेडात येतो, हे खरे. गाडी तिथे थांबणार नाही. ठाण्याचे स्थानक दिव्याजवळ म्हातार्डीला आहे. शीळफाटेकरांच्या वाट्याला तिचे दर्शन आहे, तेही काही सेकंदांचे.

भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी पाच मिनिटे घालवणारी माणसे या फ्लॅटचा हिशेब कागदावर मांडत नाहीत. उदाहरणादाखल ५० लाखांचे घर धरावे. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे साडेतीन लाख, नोंदणीचे ३० हजार, शिवाय ग्रिल, पंखे, गिझर, किचन ट्रॉली. आकडा ५५ लाखांवर जातो. भाडे १४,००० मिळाले आणि वर्षातला एक महिना घर रिकामे राहिले, तर जमा १,५४,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३६,०००, मालमत्ता कर १०,०००, एजंटाची एका भाड्याइतकी दलाली १४,००० आणि रंग-प्लंबर १०,०००. उरतात ८४,०००, म्हणजे महिना ७,०००. पस्तीस वर्षांच्या नोकरीचे पेन्शन यापेक्षा पाचशेने जास्त भरते. बँकेचे कर्ज अजून फिटायचे असेल तर हा हिशेब मांडूही नये, रक्तदाब वाढतो.

दलाली हे एक वेगळेच प्रकरण आहे. करार अकरा महिन्यांचा, तो नोंदवायची जबाबदारी कायद्याने घरमालकाची, आणि अकरा महिने संपत आले की एजंटाचा फोन येतो. भाडेकरू तोच, घर तेच, पंखासुद्धा तोच; दलाली मात्र नवी.

याच रस्त्यावर भाडे हे ज्यांचे खरोखर पेन्शन आहे, असे लोकही राहतात. शीळ, डायघर, देसाई या गावांतली जुनी घराणी चाळीच्या खोल्या आणि गोदामे भाड्याने देतात. मालक अंगणात बसलेला असतो, भाडे हातात येते, खोली रिकामी झाली की संध्याकाळपर्यंत गावभर कळते. त्यांचे गणित जमते, कारण जमीन आजोबांची आहे. डोंबिवलीच्या गुंतवणूकदाराने तीच जमीन बाजारभावाने, वर बिल्डरचा नफा आणि क्लब हाऊस जोडून विकत घेतलेली असते.

यावर ‘भाव वाढतात की’ हे उत्तर तयार असते. वाढतात, पण वाढलेला भाव औषधाच्या दुकानात चालत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी हॉलचा एक कोपरा मोडता येत नाही. मुदत ठेव मोडता येते. उलट बाजूही नोंदवायला हवी. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत व्याजाच्या रुपयाची किंमत निम्मी होते, भाडे मात्र थोडेथोडे चढत जाते. म्हणून सगळी पुंजी व्याजावर टाकणेही बरे नाही. वर्षभराचा खर्च बचत खात्यात, नियमित उत्पन्नापुरते ज्येष्ठ नागरिक योजनेत, आणि दहा वर्षे हात लावावा लागणार नाही तेवढे इंडेक्स फंडात, ही विभागणी साधी आहे. सहकारी बँकेवर माया असेल तर ठेव विम्याची मर्यादा ध्यानात ठेवावी. फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याज धरून, पाच लाख आहे.

स्वस्त फ्लॅटच्या मोहाबद्दल याच परिसराने मोठी किंमत मोजली आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे गेली. पुढे कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेराचा नोंदणी क्रमांक मिळवल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितले. क्रमांक पाहून निर्धास्तपणे पैसे भरलेली कुटुंबे त्यात सापडली. तेव्हा बांधकाम परवानगी पालिकेत जाऊन ताडून पाहावी आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय निवृत्तीचा पैसा अडकवू नये.

ज्यांनी घर आधीच घेतले आहे, त्यांना विकण्याचा मार्ग खुला असतो. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के कर बसतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले असेल तर महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा हिशेबही करून पाहावा आणि कमी भरेल तो धरावा. गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, कारण शेजारीच नव्या टॉवरचे बुकिंग चालू असते आणि तिथे मॉड्युलर किचन फुकट असते. तरीही एखादे कुटुंब रविवारी घर पाहायला नवी मुंबईहून निघते. घरमालक चहाचे आधण ठेवून बसतो. अकराची वेळ ठरलेली असते, साडेबाराला फोन येतो : शीळफाट्याला अडकलोय, पुढच्या रविवारी येतो.